श्रेणी मोडली तर देणे कोणाचे?

कोकणातून नाणेघाट चढून आलेला माल पूर्वी जुन्नरात उतरे. तेथील लेण्यांत तीन यवनांची दाने कोरलेली आहेत. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचीही नोंद आहे. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवावी, व्याजावर धर्मकार्य चालावे, अशीही सोय दिसते. नाण्यांचा विनिमयदरसुद्धा त्या काळी दगडावर चढे. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात हिशेब देतो : सत्तर हजार कार्षापण म्हणजे, पस्तिसांना एक या दराने, दोन हजार सुवर्ण!

ठेव ठेवणाऱ्याचा विश्वास श्रेणीच्या नावावर. पण श्रेणी म्हणजे अखेर माणसेच. ती पांगली, तर मागायचे कोणाकडे?

याज्ञवल्क्यस्मृतीने भागीदारांच्या धंद्यापुरते यावर चोख उत्तर दिले आहे. नफातोटा ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे. मात्र मना केलेले, न सांगितलेले वा निष्काळजीपणाचे काम करून ज्याने नुकसान केले, ते त्याने एकट्याने भरून द्यावे. मला यातला विवेक फार आवडतो. एकाच्या लबाडीचा बोजा साऱ्यांच्या माथी नाही.

आज जुन्नर-आंबेगावकडचा शेतमाल बोटीने परदेशी जातो, तेव्हा हाच प्रश्न नव्या पोशाखात पुढे येतो. निर्यातीचे पैसे विहित मुदतीत मायदेशी आणले पाहिजेत. समजा, एका निर्यात कंपनीने ते बाहेरच ठेवले आणि चौकशीची कुणकुण लागताच कंपनीचा गाशा गुंडाळला. कंपनीला ना देह, ना वारस. तिला तुरुंगात घालणार कसे? सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा मतांनी सांगितले की, तुरुंग शक्य नसला तरी दंड चुकत नाही. पण पाटीच उतरली, तर?

कायद्याने पाटीमागच्या माणसांना धरले आहे. कंपनीचे नाव निबंधकांच्या नोंदवहीतून वगळले गेले, तरी संचालकांची, व्यवस्थापकांची आणि सभासदांची जबाबदारी, जणू कंपनी मोडलीच नाही अशा रीतीने, चालू राहते, असे 2013 च्या कंपनी कायद्यात आहे. परकीय चलनाच्या 1999 च्या कायद्यात गुन्ह्याच्या वेळी कारभार पाहणारा माणूस दोषी मानला जातो. मात्र आपल्याला कल्पना नव्हती किंवा आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे त्याने सिद्ध केले तर तो सुटतो. याज्ञवल्क्याची आठवण होते ती इथे.

आता दंडाचे माप. 1973 च्या कायद्यात तो रकमेच्या पाचपटीपर्यंत जाई, शिवाय तुरुंगाची टांगती तलवार. 1999 च्या कायद्याने रक्कम मोजता येत असेल तेथे मर्यादा तिप्पट केली. पण ती कमाल मर्यादा आहे, ठरीव दर नव्हे. सह्या करणारा आणि पैसा बाहेर राखणारा यांना सरसकट तिप्पट लावणे मला तरी न्याय वाटत नाही. वाट्याचा जुना नियम इथेही हवा.

आणि देणेदारच वारला, तर? त्याच्या मृत्यूने कारवाई थांबत नाही. पण वारसाकडून वसुली होते ती त्याच्या हाती आलेल्या इस्टेटीपुरतीच. बापाने मळा मागे ठेवला असेल, तर दंड त्या मळ्यावर. मुलाने स्वतःच्या कष्टाने विकत घेतलेल्या बैलजोडीला कोणी हात लावू शकत नाही.