उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची सज्जता : जनमत चाचण्या

अमेरिकेत उपाध्यक्षपदाचा उमेदवार प्रसंगी राष्ट्राध्यक्षपद सांभाळू शकेल का, याविषयी मतदारांचा कल अजमावणाऱ्या चाचण्या. प्रश्न साधारण असा असतो : ‘गरज पडली तर राष्ट्राध्यक्ष म्हणून काम करण्यास ही व्यक्ती पात्र आहे, असे तुम्हाला वाटते का?’ उत्तर हो, नाही किंवा ‘सांगता येत नाही’.

ही गरज खरोखर पडलेली आहे. आठ राष्ट्राध्यक्षांचे पदावर असताना निधन झाले, १९७४ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी राजीनामा दिला. नऊही वेळा उपाध्यक्षांनी सूत्रे घेतली. भारतात राष्ट्रपतिपद असे रिकामे झाल्यास उपराष्ट्रपती नवी निवडणूक होईपर्यंतच, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने, काम पाहतात. अमेरिकेत मात्र उरलेली सगळी मुदत उपाध्यक्षाच्या वाट्याला येते. तयारीला वेळ मिळेलच असेही नाही. हॅरी ट्रुमन उपाध्यक्षपदी जेमतेम ८२ दिवस होते. १२ एप्रिल १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांचे निधन झाले आणि अणुबॉम्ब प्रकल्पाची सविस्तर माहिती ट्रुमन यांना मिळाली ती २५ एप्रिलला.

या चाचण्यांचे सर्वांत बोलके उदाहरण २००८ चे. २९ ऑगस्टला राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार जॉन मकेन यांनी उपाध्यक्षपदासाठी अलास्काच्या गव्हर्नर सेरा पेलिन यांची निवड जाहीर केली. मकेन यांना त्याच दिवशी ७२ वर्षे पूर्ण झाली होती. पेलिन ४४ वर्षांच्या, गव्हर्नर होऊन दोन वर्षेही झालेली नव्हती. लगोलग झालेल्या यूएसए टुडे-गॅलप चाचणीत ३९ टक्क्यांनी त्यांना सज्ज मानले, ३३ टक्क्यांनी नाही. बाकीच्यांचे मत अजून बनलेच नव्हते. सप्टेंबरात सीबीएसच्या केटी कूरिक यांनी मुलाखतीत विचारले, कोणती वर्तमानपत्रे-मासिके वाचता? पेलिन यांनी एकाचेही नाव घेतले नाही. ऑक्टोबरअखेर न्यूयॉर्क टाइम्स-सीबीएस चाचणीत ५९ टक्के लोक त्यांची तयारी नाही असे म्हणत होते, महिन्याच्या सुरुवातीपेक्षा नऊ टक्केबिंदूंनी अधिक. मतदानाच्या दिवशीच्या एक्झिट पोलमध्ये ६० टक्क्यांनी त्यांना अपात्र ठरवले, ३८ टक्क्यांनी पात्र. उपाध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार जो बायडेन यांना ६६ टक्के मतदार पात्र मानत होते.

हे आकडे एका सलग रेषेवर मांडणे बरोबर नाही. एका संस्थेने पात्रतेबद्दल विचारलेले असते, दुसरीने तयारीबद्दल. एकीने सर्व प्रौढांना, दुसरीने फक्त मतदान करून बाहेर पडलेल्यांना. शिवाय उत्तरावर पक्षनिष्ठेची छाया असतेच. म्हणून नाव जाहीर होताच घेतलेल्या चाचणीत मत न बनलेल्यांचे प्रमाण सर्वांत आधी पाहावे. पुढची सगळी हालचाल तिथूनच होते.

कमी गुण म्हणजे पराभव, असेही नाही. १९८८ मध्ये उपाध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार डॅन क्वेल यांच्याविषयी अशाच शंका होत्या. ५ ऑक्टोबरच्या वादसभेत त्यांनी आपल्या अनुभवाची तुलना माजी राष्ट्राध्यक्ष जॉन (जॅक) केनेडी यांच्याशी केली, तेव्हा डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी लॉइड बेंट्सन यांनी, तुम्ही जॅक केनेडी नव्हे, असे त्यांना तोंडावर सुनावले. तरीही क्वेल यांना निवडणारे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज बुश (थोरले) ४० राज्ये जिंकून निवडून आले. ख्रिस्तोफर डिव्हाइन आणि काइल कोप्को या राज्यशास्त्रज्ञांच्या मते उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचा मतांवर थेट परिणाम थोडाच होतो. मतदार त्या निवडीवरून मुख्य उमेदवाराची विवेकबुद्धी जोखतात. पेलिन यांच्याबद्दलचे आकडे मकेन यांच्याविषयीही काही सांगत होते, ते याच अर्थाने.