कार्ट्रिज की सीडी? गेम कन्सोलच्या स्पर्धेतील एक निर्णय

प्रास्ताविक
अधिक ताकदवान यंत्र बाजारात जिंकते, असा सर्वसाधारण समज असतो. टीव्हीला जोडून खेळायच्या गेम कन्सोलचा १९९० च्या दशकातील इतिहास या समजाला छेद देतो. त्यातील एक उदाहरण आपण पाहू.

पार्श्वभूमी
सोनी आणि निन्टेंडो या जपानी कंपन्यांचा सीडीवर चालणाऱ्या कन्सोलचा संयुक्त प्रकल्प १९९१ मध्ये फिसकटला. सोनीने डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये स्वतःचे प्लेस्टेशन आणले. त्याचे गेम सीडीवर येत. जून १९९६ मध्ये आलेल्या निन्टेंडो ६४ चा प्रोसेसर ६४ बिटचा, तर प्लेस्टेशनचा ३२ बिटचा होता. मात्र निन्टेंडोने गेमसाठी कार्ट्रिजच कायम ठेवले.

निन्टेंडोची बाजू
हा निर्णय अविचाराचा नव्हता. कार्ट्रिज म्हणजे प्लॅस्टिकच्या डबीतील मेमरी चिप. तिच्यातील माहिती जवळजवळ तत्काळ मिळते. प्लेस्टेशन सीडीवरून सेकंदाला सुमारे ३०० किलोबाइटच वाचत असे, त्यामुळे खेळाडूला ताटकळावे लागे. शिवाय कार्ट्रिजची नक्कल करणे अवघड होते.

परिणाम
सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मावत. निन्टेंडो ६४ चे सर्वांत मोठे कार्ट्रिज ६४ मेगाबाइटचे होते. पण खरा फरक पैशाचा होता. सीडी स्वस्तात आणि झटपट छापता येई. कार्ट्रिज महाग पडे आणि त्याची मागणी बरीच आधी नोंदवावी लागे. गेम चालला नाही, तर पडून राहिलेल्या मालाचा तोटा प्रकाशकाचा. चालला, तर नवा माल वेळेवर मिळत नसे. स्क्वेअर कंपनीच्या 'फायनल फँटसी' मालिकेचे पहिले सहा मुख्य गेम निन्टेंडोच्या कन्सोलवर आले होते. सातवा मात्र जानेवारी १९९७ मध्ये तीन सीडींवर, प्लेस्टेशनसाठी आला. अखेर प्लेस्टेशनची विक्री १० कोटींच्या पुढे गेली. निन्टेंडो ६४ सुमारे ३.३ कोटींवर थांबले.

एक सावधगिरी
याचे श्रेय एकट्या सीडीला देता येत नाही. सेगाचे सॅटर्नही सीडीवर चालत असे. पण त्यात दोन मुख्य प्रोसेसर असल्याने प्रोग्रॅम लिहिणे किचकट होते, आणि ते मागे पडले.

निष्कर्ष
यंत्राची रचना ठरवताना कंपनी केवळ वेग आणि क्षमता ठरवत नाही. त्या यंत्रासाठी काम करणाऱ्यांपैकी जोखीम कोणी उचलायची, हेही ठरवते. निन्टेंडोने ती प्रकाशकांवर टाकली आणि अनेक प्रकाशक दुसरीकडे गेले.

विचारासाठी प्रश्न
१. कार्ट्रिजचा फायदा कोणाला आणि तोटा कोणाला झाला?
२. सॅटर्नच्या उदाहरणामुळे वरील युक्तिवादाला कोणती मर्यादा पडते?