एकच चिन्ह, हजार सर्किटं: लायब्ररीतलं सिम्बॉल नक्की कुणाचं?

आजची गोष्ट एका छोट्याशा चित्राची आहे. बारावीच्या फिजिक्समधला ट्रान्झिस्टर आठवतोय? तीन रेघा आणि एक बाण. सर्किट डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की तो आयता समोर येतो. मग तुम्ही त्याला तारा जोडता आणि पुढे जाता.

पण तो येतो कुठून? आणि एकदा तुमच्या आकृतीत आला की तो तुमचा होतो, की मूळ लायब्ररीचाच राहतो? हा प्रश्न साठ वर्षांहून जुना आहे, आणि त्याचं उत्तर चुकलं तर चांगला बोर्डसुद्धा भंगारात जातो.

आधी कॉम्प्युटरपूर्वीचा काळ बघू. तेव्हा ड्राफ्ट्समन ड्रॉइंग बोर्डवर सर्किट काढायचे. त्यांच्याकडे प्लॅस्टिकची टेम्प्लेट असायची. तिच्यात रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टरच्या आकाराच्या खाचा असायच्या. खाचेत पेन्सिल फिरवली की चिन्ह तयार. म्हणजे चिन्ह पुन्हा वापरणं तेव्हाही होतं. पण कागदावर उमटलेलं चिन्ह आणि टेम्प्लेट यांचं नातं तिथेच संपायचं. टेम्प्लेट हरवली म्हणून जुनं ड्रॉइंग बदलत नसे.

हे नातं बदललं १९६३ मध्ये. अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड नावाचा तरुण पीएचडी करत होता. लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-२ या कॉम्प्युटरवर त्याने स्केचपॅड हा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर लाइट पेन टेकवून चित्र काढायचं, अशी ती करामत. त्यातली मोठी कल्पना म्हणजे 'मास्टर' आणि 'इन्स्टन्स'. एक मूळ आकृती काढायची आणि तिच्या हव्या तेवढ्या प्रती मांडायच्या. मूळ आकृती बदलली की सगळ्या प्रती आपोआप बदलणार! सदरलँडने यावर षटकोनांची जाळी काढली, तशी इलेक्ट्रिकल सर्किटंही काढली. पुढे १९८८ मध्ये त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

ऐकायला किती छान, नाही का? एक चूक एका जागी सुधारा, शंभर जागी सुधारली जाईल. पण जरा उलटं करून बघा. मुळात एक चूक झाली, तर तीही शंभर जागी जाईल.

पुढे १९८०च्या दशकात पर्सनल कॉम्प्युटर आले आणि सर्किट काढणं टेबलावर आलं. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ऑरकॅड कंपनी सुरू झाली. १९८८ मध्ये जर्मनीतून ईगल आलं. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये ग्रेनोबलला शिकवणाऱ्या झाँ-पिएर शरास यांनी कीकॅड सुरू केलं. तेच आज अनेक विद्यार्थी फुकटात वापरतात. या सगळ्यांमध्ये चिन्हांची लायब्ररी हा गाभा. रोज रोज ट्रान्झिस्टर कोण काढत बसणार?

आता खरी गोम सांगतो. लायब्ररीतलं चिन्ह म्हणजे नुसतं चित्र नसतं. त्याच्या प्रत्येक टोकाला पिनचा नंबर असतो, आणि तोच नंबर पुढे पीसीबीवर जातो. बाजारात मिळणारा बीसी५४७ हातात घ्या. सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. आता २एन३९०४ तसाच धरा. डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. म्हणजे बरोब्बर उलटं! दोघेही एनपीएन, कागदावर दोघांचं चित्र एकच. एकाचं चिन्ह दुसऱ्यासाठी वापरलं, तर स्क्रीनवर सगळं ठीक दिसेल आणि बोर्ड मात्र चालणार नाही. म्हणूनच कीकॅडच्या लायब्ररीत बरीच वर्षं एकाच एनपीएनची, पायांच्या क्रमानुसार वेगवेगळी चिन्हं ठेवलेली होती.

दुसरा धोका याच्या उलट आहे, चिन्ह हरवण्याचा. माझ्याकडे एकदा पेनड्राइव्हवर एक जुनं प्रोजेक्ट आलं. ज्यांनी ते बनवलं, ते नोकरी सोडून कधीच गेलेले. फाइल उघडली तर तारा जिथल्या तिथे, आणि आयसींच्या जागी रिकामे चौकोन. आकृतीत फक्त नावं साठवलेली होती. चित्रं लायब्ररीत, आणि लायब्ररी त्या जुन्या कॉम्प्युटरवर. पत्ता लिहिलेला आहे पण घरच पाडलंय, तसं ते झालं. डेटाशीट शोधून एकेक चिन्ह पुन्हा काढण्यात अख्खा रविवार गेला.

हे दुखणं कीकॅड बनवणाऱ्यांनाही माहीत होतं. त्यांचा प्रवास बघण्यासारखा आहे. जुन्या आवृत्त्यांमध्ये आकृती लायब्ररीकडे फक्त बोट दाखवायची. एकाच नावाची चिन्हं दोन लायब्रऱ्यांत असली, तर यादीत जी लायब्ररी आधी तिचं चिन्ह घेतलं जायचं. सोबत एक कॅश लायब्ररीची वेगळी फाइल तयार व्हायची, वापरलेल्या चिन्हांची शिदोरी म्हणा ना. पण शिदोरी घरीच विसरली, तर? २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येक चिन्हासोबत त्याच्या लायब्ररीचं नावही लिहिलं जाऊ लागलं. आणि डिसेंबर २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत वापरलेली चिन्हं थेट आकृतीच्या फाइलमध्येच बसली. लायब्ररी बदलली, तर तुमची आकृती गुपचूप बदलत नाही. नवं रूप हवं असेल, तर तुम्ही स्वतः अपडेटची आज्ञा द्यायची.

लक्षात आलं का? टेम्प्लेटच्या जमान्यात प्रत स्वतंत्र होती. सदरलँडने तिला मुळाशी बांधलं. आणि आज आपण मधल्या जागी आलोय. प्रत तुमच्याजवळ, मुळाचा पत्ताही तुमच्याजवळ, आणि बदलाचा निर्णय तुमचा.

याचा आपल्याशी संबंध काय? आपल्या पवईत, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ईसिम नावाचं मुक्त सॉफ्टवेअर बनवलंय. त्यात आकृती काढायला कीकॅड आणि सिम्युलेशनला एनजीस्पाइस वापरलंय. म्हणजे पुन्हा वापरण्याची ही परंपरा चिन्हांपुरती नाही, अख्ख्या सॉफ्टवेअरपर्यंत गेलीये. आणि हो, कीकॅडच्या लायब्रऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्या, तरी त्यात खास सवलत आहे. ती चिन्हं वापरली म्हणून तुमचं सर्किट जगाला उघडं करावं लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच. दुसऱ्याने काढलेलं चिन्ह बिनधास्त वापरा, त्यात कमीपणा नाही. पण ते चिन्ह म्हणजे कुणा अनोळखी माणसाने तुमच्या वतीने डेटाशीट वाचलेली असते. बोर्ड बनवायला टाकण्याआधी तीच डेटाशीट एकदा स्वतः उघडा आणि पिन नंबर बोट ठेवून जुळवा. प्रोजेक्ट दुसऱ्याला देताना लायब्ररीही सोबत द्या. पाच वर्षांनी ती फाइल उघडणारं कुणीतरी मनातल्या मनात तुमचे आभार मानेल.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी फायनल इयर प्रोजेक्ट करत असेल, तर हा भाग त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!