महावीराचार्यांची कंठी



१२३४५६५४३२१. बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, तीच. आमच्या स्वाध्यायाच्या ग्रुपवर ती 'सिद्ध संख्या, अकरा वेळा लिहा' अशा निरोपासह आली. लिहायला हरकत नाही, पण मग ती आपल्याच आचार्यांच्या गणिताच्या पुस्तकात गुणाकाराचं उदाहरण म्हणून आली आहे, हे कुणी सांगायचं?

ते पुस्तक 'गणितसारसंग्रह'. कर्ते महावीराचार्य (तीर्थंकर नव्हेत, नाव तेच), दिगंबर जैन. काळ इ.स. ८५० च्या आसपास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या राजवटीत. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं मळखेड. ग्रंथाच्या आरंभी भगवान महावीरांना नमन आहे. गुणाकाराला ते 'प्रत्युत्पन्न' म्हणतात. तिथे २७९९४६८१ ला ४४१ ने गुणायला सांगितलं आहे.

मी बी.कॉम. त्यामुळे वही-पेन्सिल घेतलीच. घरच्या आठ आकडी कॅल्क्युलेटरवर उत्तर मावत नाही. चारशे पट १११९७८७२४००, चाळीस पट १११९७८७२४०, वर मूळ संख्या एकदा. बेरीज केली की सहापर्यंत चढणारी नि पुन्हा एकवर उतरणारी ती माळ.

आता गंमत बघा. ही संख्या म्हणजे १११११११ नव्हे, सहाच एकं: १११११११ मधला एक कमी करा, १११११1 असं न मोजता सरळ 'सहा एकांचा' वर्ग. सहा एकं एकाखाली एक, दरवेळी एक घर सरकवून मांडा. मधल्या रकान्यात सहा एकं जमतात, कडेला एकच. हातचा कुठेच येत नाही, म्हणून माळ तुटत नाही. नऊ एकांपर्यंत हे चालतं. दहा एकांच्या वर्गात हातचा येतो नि माळ विस्कटते. शिवाय ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा. २१ गुणिले ५२९१ केलं की तीच सहा एकं. म्हणजे आचार्यांचं उदाहरण सहज सुचलेलं नाही, आतले अवयव पारखून निवडलेलं आहे. मला नवल वाटतं ते याचं, सिद्धीचं नाही.

अशी उत्तरं त्यांनी आणखीही दिली आहेत, आणि त्यांना गळ्यातल्या दागिन्याचं नाव दिलं, कंठिका. १५२२०७ गुणिले ७३ करून पाहा, आठ एकं ओळीने येतील. मुलांना पाढे नकोसे होतात तेव्हा हे द्यावं.

हा ग्रंथ १९१२ साली मद्रासला रंगाचार्यांच्या इंग्रजी भाषांतरासह छापला गेला. हिंदी अनुवाद लक्ष्मीचंद्र जैन यांचा, १९६३ चा, आणि तो आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने काढला.