साखळी की शाफ्ट? वाळवंटात लागलेली कसोटी

१/ इंजिनाची शक्ती मागच्या चाकापर्यंत न्यायची कशी? आरंभीच्या अनेक मोटारसायकलींत हे काम चामड्याचा पट्टा करी. पावसात भिजला की तो घसरे.

२/ साखळी घसरत नसे; ती हलकी आणि स्वस्तही होती. मात्र उघडी असल्याने तेल, ताण व स्वच्छता यांची निगा सतत राखावी लागे. १९२३ मध्ये माक्स फ्रिट्झ यांनी बीएमडब्ल्यूच्या आर-३२ साठी साखळीऐवजी बंदिस्त फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, योजला.

३/ दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात हा फरक ठळक झाला. साखळीच्या तेलाला वाळू चिकटे आणि तेच मिश्रण दाते झिजवी. जर्मन सैन्याच्या आर-७५ चा शाफ्ट आवरणात सुरक्षित राही.

४/ अमेरिकी सैन्याच्या मागणीवरून हार्ले-डेव्हिडसनने बीएमडब्ल्यूच्या धर्तीवर शाफ्टची ‘एक्सए’ घडवली. सुमारे १,००० गाड्या झाल्या, तोवर जीपने ते काम हाती घेतले होते. साखळीची ‘डब्ल्यूएलए’ मात्र हजारोंनी बनत राहिली.

५/ शाफ्ट रोजची निगा वाचवतो. पण त्याचे दाते तुटले तर कार्यशाळाच गाठावी लागते. साखळीची तुटलेली कडी रस्त्याच्या कडेलाही बदलता येते.