कम्युनिटी पॅरामेडिक : आजार बळावण्याआधी दारात येणारी सेवा

अ‍ॅम्ब्युलन्स म्हटली की सायरन, स्ट्रेचर आणि घरच्यांची धावपळ डोळ्यांसमोर येते. पण काही देशांत अ‍ॅम्ब्युलन्सचेच कर्मचारी तब्येत बिघडण्याआधी लोकांच्या घरी जातात. याला 'कम्युनिटी पॅरामेडिसिन' म्हणतात. एकटे राहणारे बुजुर्ग, शुगर-बीपीचे जुने रुग्ण आणि दवाखान्यापासून लांब राहणारी गरीब कुटुंबे यांच्यासाठी ही सेवा आहे.

काम काय करतात?
बीपी आणि शुगर तपासणे, जखमेची पट्टी बदलणे, लस देणे, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का ते पाहणे. घरात पाय घसरून पडण्यासारखी जागा आहे का, हेही पाहतात. पॅरामेडिक हा डॉक्टर नसतो. डॉक्टरांनी आखून दिलेल्या हद्दीतच तो काम करतो आणि काही वेगळे आढळले तर त्यांना कळवतो.

दोन बेटांची गोष्ट
कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात लाँग आणि ब्रायर ही दोन छोटी बेटे आहेत. तिथे डॉक्टर नव्हता. ब्रायर बेटावरून डिग्बीच्या हॉस्पिटलला जायचे तर दोन फेरीबोटी बदलाव्या लागतात. पॅरामेडिक मात्र बेटावर हजर असायचे आणि इमर्जन्सी कॉल थोडेच यायचे. मग २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांच्या रिकाम्या वेळेत तपासणीचे काम सुरू झाले. सोबत एक अनुभवी नर्स आणि बेटाबाहेरून सल्ला देणारा डॉक्टर. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार लोकांना सेवा जवळ मिळाली आणि खर्चही कमी झाला.

इमारतीतच तपासणी
ओंटारिओ प्रांतात मॅकमास्टर युनिव्हर्सिटीने वेगळी पद्धत काढली. कमी उत्पन्नाच्या बुजुर्गांच्या सरकारी इमारतींत पॅरामेडिक ठरल्या दिवशी येऊन बसतात. ज्याला हवे त्याने खाली यावे, तपासून घ्यावे. २०१८ च्या अभ्यासात अशा इमारतींतून दर १०० घरांमागे महिन्याला सुमारे ३ अ‍ॅम्ब्युलन्स कॉल गेले. जिथे ही सोय नव्हती, तिथे सुमारे ४ गेले.

अडचण कुठे?
मुख्य अडचण पैशांची. अमेरिकेत अ‍ॅम्ब्युलन्सला पैसे बहुतेक वेळा रुग्ण हॉस्पिटलात पोचवल्याचेच मिळत आले आहेत, त्याला घरीच बरे ठेवल्याचे नाही. मिनेसोटा राज्याने २०११ मध्ये कायदा करून या कामाला वेगळी मान्यता दिली.

आपल्याकडे
महाराष्ट्रात १०८ ही तातडीचीच सेवा आहे. घरोघर जाण्याचे काम इथे आशाताई आणि नर्स करतात. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई घरी येऊन बाळ-बाळंतिणीची विचारपूस करते. तिशीपुढच्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि काही कॅन्सरसाठी सरकारी केंद्रात मोफत तपासणी होते. सल्ल्यासाठी १०४ नंबर आहे.

म्हणून आशाताई फॉर्म घेऊन आली तर तिला दारातूनच परत पाठवू नका. दादी-नानांची आणि घरातल्या बायकांचीही नावे लिहून द्या. बरे वाटतेय म्हणून बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. लकवा सांगून येत नाही. आणि छातीत दुखले, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर कुणाची वाट न बघता लगेच १०८ लावा.