हृदयात साचणारे प्रथिन आणि त्यावरील औषधे

आज आम्ही ज्या रोगाविषयी बोलणार आहोत त्याचे नाव आपल्यापैकी थोड्यांच्याच कानांवर आले असेल; आणि जे नाव आहे तेही मुळात चुकीने पडलेले आहे. १८५४ साली रूडोल्फ फिरशो या जर्मन रोगशास्त्रज्ञाने मृतांच्या मेंदूतील काही कणांवर आयोडीन टाकून पाहिले. भाताच्या पेजेत आयोडीन टाकले म्हणजे ती निळी पडते, हे आपण शाळेत पाहिलेले आहे. तसाच निळसर रंग त्यास दिसला, तेव्हा हा पदार्थ पिष्टाच्या जातीचा असावा असे समजून त्याने त्यास ‘अमायलॉइड’, म्हणजे पिष्टसदृश, असे म्हटले. पुढे १८५९ साली फ्रीड्राइख आणि केक्युले यांनी रासायनिक परीक्षा करून अवयवांत साचणारा हा पदार्थ पिष्ट नसून प्रथिनासारखा आहे असे दाखवले. पण एकदा पडलेले नाव काही गेले नाही.

हृदयाच्या या रोगावरील औषधांचा इतिहास मात्र हृदयापासून सुरू होत नाही. तो पायांपासून सुरू होतो. पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावर पोव्होआ द व्हार्झीं नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तेथील काही घराण्यांत ऐन तारुण्यात पावले बधिर होत, चटका बसला तरी कळत नसे, बधिरता वर चढत जाई आणि दहा-पंधरा वर्षांत माणूस खंगून मरे. लोक त्यास पावलांचा रोग म्हणत. १९३९ साली पोर्तु शहरातील रुग्णालयात अशी एक बाई कोरिनो आंद्राद या डॉक्टरांकडे आली. कुष्ठ नव्हे, उपदंश नव्हे, मग हे आहे तरी काय, याचा त्यांनी एक तपाहून अधिक काळ पाठपुरावा केला आणि १९५२ साली या आनुवंशिक रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. रोग्यांच्या मज्जातंतूंत तेच अमायलॉइड साचलेले होते.

ते कोणत्या प्रथिनाचे, हे कळावयास १९७८ साल उजाडले. पोर्तुगालच्याच कोश्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ओळखले. त्यास आज ट्रान्सथायरेटिन म्हणतात. ते मुख्यतः यकृतात तयार होते आणि रक्तातून थायरॉक्सिन व अ जीवनसत्त्व वाहून नेण्याचे काम करते. त्याचे चार सारखे भाग एकमेकांत बसलेले असतात. हे भाग सुटे झाले, म्हणजे त्यांची घडी बिघडते आणि त्यांचे न विरघळणारे धागे बनून अवयवांत साचतात. पोर्तुगीज घराण्यांत या प्रथिनाच्या साखळीतील तिसाव्या जागेची कडी बदललेली असते. तेवढ्याने सांधा ढिला होतो.

प्रथिन यकृतात होते, तर यकृतच बदलावे, असा विचार साहजिक होता. १९९० साली स्वीडनमध्ये तसे करण्यात आले. काढलेले यकृत एरवी निरोगी असल्याने ते वाया का घालवावे, म्हणून १९९५ पासून पोर्तुगालमध्ये ते दुसऱ्या, यकृताच्याच विकाराने मरणासन्न झालेल्या रोग्यांना बसवू लागले. काही वर्षांनी त्यांच्यापैकी काहींची पावले बधिर होऊ लागली! त्याहून विलक्षण गोष्ट पुढेच होती. नवे, निर्दोष यकृत मिळालेल्या कित्येक रोग्यांच्या हृदयात साचण्याची क्रिया थांबली नाही. जुन्या थरांवर आता निर्दोष प्रथिनच साचत होते.

म्हणजे आनुवंशिक दोष नसतानाही हे प्रथिन साचू शकते. १९९० साली स्वीडनच्या वेस्टरमार्क यांनी हेच दुसऱ्या बाजूने सिद्ध केले होते: वृद्धांच्या हृदयात सापडणारे अमायलॉइड हे निर्दोष ट्रान्सथायरेटिनच असते. अशा हृदयाच्या भिंती जाड आणि ताठ होतात. ते आकुंचन पावते, पण सैल होऊन पुरेसे रक्त आत घेऊ शकत नाही. माणसास दम लागतो, पाय सुजतात. वय झाले, रक्तदाब असेल, असे म्हणून वर्षे जातात. ध्वनिलहरींच्या चित्रात भिंत जाड दिसते, पण विद्युत्-आलेखातील लाटा पुष्कळदा तितक्या उंच नसतात, ही विसंगती फार थोड्यांना खटके.

औषधाची वाट सापडली ती पुन्हा पोर्तुगालमध्येच, आणि हा भाग आम्हांस सर्वांत चित्तवेधक वाटतो. तिसाव्या जागेचा दोष असूनही काही माणसे निरोगी राहिलेली आढळली. तपासता त्यांच्यात आणखी एक, ११९ व्या जागेचा, बदल निघाला. एका बदलाने दुसऱ्याचा उपद्रव टाळला होता. अमेरिकेतील जेफरी केली आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले की, या दुसऱ्या बदलामुळे चार भाग सुटे होण्याची क्रिया अतिशय मंदावते. मग हेच काम एखाद्या गोळीने का होऊ नये? या प्रथिनात थायरॉक्सिनच्या दोन जागा असतात आणि त्या रक्तात बहुतेक रिकाम्याच असतात. तेथे नेमका बसेल असा रेणू केली यांनी घडवला. ढिल्या बाजेच्या सांध्यात सुतार पाचर ठोकतो, तसाच हा प्रकार. त्याचे नाव टाफामिडिस. १९७० नंतरच्या दशकातील डायफ्लुनिसाल हे वेदनाशामकही त्याच जागी बसते आणि ते स्वस्त आहे. २०१३ साली मज्जातंतूंच्या रोगात त्याचा गुण दिसला. परंतु अशी वेदनाशामके दुर्बळ हृदयास आणि मूत्रपिंडास जाचक ठरतात, ही अडचण.

हृदयरोगावरील टाफामिडिसचा निर्णायक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. ४४१ रोगी, ३० महिने. औषध घेणाऱ्या २६४ जणांपैकी ७८ दगावले. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या १७७ पैकी ७६. मात्र हा फरक उघड होण्यास सुमारे दीड वर्ष लागले. कारण औषध पुढचे साचणे रोखते, साचलेले काढत नाही. ज्याच्या हातात दीड वर्षच उरलेले आहे त्यास त्याचा काय उपयोग?

२०१९ साली अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली तेव्हा त्याची छापील किंमत वर्षाला २,२५,००० डॉलर होती. त्या वेळच्या दराने दीड कोटी रुपयांहून अधिक. ज्याचे ज्ञान कोळ्यांच्या घराघरांतून मिळाले त्या औषधास ही किंमत असावी, हे आमच्या मनास पटत नाही. पुढे २०२४ साली त्याच पद्धतीचे अकोरामिडिस आले. २०२५ मध्ये व्हुट्रिसिरान हे तीन महिन्यांनी एकदा टोचावयाचे औषध या हृदयरोगासाठी मान्य झाले. ते प्रथिनाची निर्मितीच यकृतात दाबून टाकते, आणि म्हणून सोबत अ जीवनसत्त्व घ्यावे लागते. स्पर्धेने किंमती उतरतील अशी आशा करू.

तथापि यांतील प्रत्येक औषधास रोग लवकर कळावा लागतो, आणि तेथे एक साधी खूण उपयोगी पडते. हेच प्रथिन मनगटातील बंधातही साचते आणि तेथील नस दाबली जाऊन बोटांना मुंग्या येतात. हृदयाची लक्षणे दिसण्यापूर्वी कित्येक वर्षे, आणि बहुधा दोन्ही हातांत. अर्थात मुंग्या येणाऱ्या बहुतेकांना हा रोग नसतो, तेव्हा कोणी घाबरून जाऊ नये. परंतु अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मनगटाची ही शस्त्रक्रिया झालेल्या ९८ प्रौढ व वृद्ध रोग्यांचा, एरवी टाकून दिला जाणारा तुकडा रंग देऊन तपासण्यात आला. २०१८ साली त्याचा वृत्तान्त आला. १० जणांच्या तुकड्यांत अमायलॉइड निघाले, आणि त्यांपैकी दोघांच्या हृदयात ते आधीच पोचलेले होते.